बीपी, साखर, कोलेस्टेरॉल मोजून झालं, गळ्याकडे कोण बघणार?

वैनगंगा
उपकेंद्रात तीस वर्षांवरच्यांचे सी-बॅक (आजारांची जोखीम विचारणारे) फॉर्म भरले जातात, बीपी मोजलं जातं, बोटातून साखर काढली जाते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी त्या यादीत नाही. मग चाळिशीतली बाई येते. खालचं बीपी ९६-९८, कोलेस्टेरॉल २६०, चेहरा सुजल्यासारखा, पाळीत अंगावरून जास्त जातं, हिमोग्लोबिन ९. तिला बीपीची एक, कोलेस्टेरॉलची एक, रक्तवाढीची एक आणि अंगदुखीची एक अशा चार गोळ्या सुरू होतात. या चारही तक्रारींचं मूळ एकाच ग्रंथीत असू शकतं, हे चिठ्ठीवर कुठेच दिसत नाही.

माझं म्हणणं, कोलेस्टेरॉलची गोळी लिहिण्याआधी टीएसएच ही रक्ततपासणी व्हायलाच हवी (थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की ती वाढते, जास्त झालं की दबते). पण सगळ्यांची करणं शक्य नाही. म्हणून प्रश्न असा: गाव तीन हजारांचं, आणि पैसे २० नळ्यांपुरते. त्या २० कोणाच्या? 'ज्याला थकवा त्याची' हे उत्तर नको. कापूस वेचणीच्या दिवसांत थकवा नसलेला माणूस दाखवा.

पळसफूल
चांगला धागा. आधी एक गोष्ट वेगळी करू, कारण 'थायरॉईड झालाय' या वाक्यात दोन उलट आजार बसतात. हाशिमोटोत शरीराच्याच पेशी ग्रंथी पोखरतात. ती आधी रबरासारखी घट्ट होते, मग झिजते आणि हार्मोन कमी पडतं. जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी १९१२ साली चार बायकांच्या ग्रंथींवरून याचं वर्णन केलं. ग्रेव्हजमध्ये उलट होतं. अँटिबॉडी ग्रंथीला सतत चाबूक मारत राहते आणि हार्मोनचा पूर येतो. घराणं एकच, पण हृदयावरचे परिणाम विरुद्ध दिशेचे.

हार्मोन कमी पडलं की रक्तवाहिन्या सैल सुटत नाहीत, म्हणून खालचं बीपी चढतं आणि वरचं तेवढं चढत नाही. १३०/१००, १३६/१०२ असे जवळ आलेले आकडे दिसले की शंका घ्या. ठोके मंदावतात. दोन ठोक्यांमध्ये हृदय सैल पडायला वेळ लावतं. कधी हृदयाभोवती पाणी साचतं, आणि मग ईसीजीच्या पट्टीवर हातापायांच्या लीडमधले उंचवटे ५ मिलिमीटरच्याही खाली दिसतात. यकृतावर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ओढून घेणारे जे रिसेप्टर असतात ते कमी होतात, म्हणून कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं. त्या बाईच्या तेला-तुपाचा यात दोष थोडाच.

मशीन नसताना करता येईल अशी एक तपासणी: रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं करा, पावलं मागे मोकळी लोंबू द्या. टाचेच्या वरच्या शिरेवर हातोडी मारा. पाऊल झटकन खाली जातं. बघायचं ते परत येताना. नेहमी ते तितक्याच पटकन जागेवर येतं. हार्मोन बरंच कमी असेल तर ते रेंगाळत येतं, कोणी धरून सोडल्यासारखं. एकदा डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही. मात्र सौम्य आजारात हे दिसणार नाही, आणि मधुमेहात नसा गेलेल्या असतील तर ठोकाच उमटत नाही. म्हणजे दिसलं तर खूण पक्की, नाही दिसलं म्हणून सुटका नाही.

सावजी_रस्सा
आणि ग्रेव्हजचं लक्षण काय, तर 'गरमी सहन होत नाही'. मे महिन्यात चंद्रपुरात हे विचारलं तर अख्खा जिल्हा ग्रेव्हजचा निघते ना भाऊ.

जुना_स्टेथो
सावजीभाऊ, बरोबर बोललात. म्हणूनच उन्हाळ्यात 'ऊन लागलं' म्हणून सलाईन घेऊन परत जाणाऱ्यांत एखादा ग्रेव्हज निसटतो. फरक करायच्या खुणा अशा. उन्हाने थकलेल्याचे ठोके सावलीत, पाणी पिऊन, झोपल्यावर खाली येतात. ग्रेव्हजमध्ये गाढ झोपेतही ९०-१०० च्या वर राहतात. घरच्यांना सांगा, रात्री दोनला उठून मनगट धरून पूर्ण मिनीट मोजा. दुसरं, दोन्ही हात समोर ताठ, बोटं पसरलेली, वर वहीचं एक पान ठेवा. पानाची कड थरथरताना लांबून दिसते. तिसरं, भूक वाढलेली आणि वजन घटलेलं, हे दोन्ही एकत्र. उन्हाने भूक मरते.

खर्रा तोंडात असताना नाडी-बीपी मोजू नका. थुंकायला लावा, अर्धा तास बसवा. निकोटिनने ठोके चढतात आणि चिठ्ठीवर भलतंच लिहिलं जातं.

तालुका_लॅब
नळीच्या बाजूने काही गोष्टी.

ताप, डेंग्यू, स्क्रब टायफस, मोठं ऑपरेशन यातून उठलेल्या माणसाची टीएसएच लगेच करू नका. आजारात ती खाली जाते, बरं होताना वर उसळते, कधी १५-२० पर्यंतही. ग्रंथी मात्र ठणठणीत असते. सहा आठवडे थांबा. धानपट्ट्यात पावसाळ्यानंतर असे रिपोर्ट बरेच येतात, आणि त्यावर लोकांना जन्मभराची गोळी लागते.

केस-नखांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या: बऱ्याच मशीनमध्ये बायोटिनच्या जोडणीवरच तपासणी चालते. रक्तात बायोटिन जास्त असेल तर टीएसएच खोटी कमी आणि टी-४ (थायरॉईडचं हार्मोन) खोटं जास्त येतं. कागदावर हुबेहूब ग्रेव्हज! ५-१० मिलिग्रॅमची गोळी चालू असेल तर निदान दोन दिवस आधी बंद ठेवा. विचारताना 'बायोटिन घेता का' म्हणू नका, कोणालाच कळत नाही. 'केस गळतात म्हणून काही घेता का' असं विचारा.

वेळ: टीएसएच रात्री-पहाटे जास्त, दुपारी कमी. एकाच माणसाची तुलना करायची असेल तर दरवेळी सकाळीच. उपाशी असणं सक्तीचं नाही, पण नेहमी सारखंच ठेवा. गोळी चालू असलेल्यांनी त्या सकाळी आधी रक्त द्यावं, मग गोळी घ्यावी. नाहीतर टी-४ फुगलेलं येतं.

आणि अँटी-टीपीओ (ग्रंथीविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी) दर सहा महिन्यांनी करू नका हो! ती एकदाच पुरे. ८०० वरून ४०० झाली म्हणजे आजार अर्धा बरा झाला असं नसतं. पैसे टीएसएचला वाचवा.

कापूसकोंड्या
मले एक सांगा, कोबीले काहून बदनाम केलं मग? मोबाइलवर तर सांगतेत कोबी, सोयाबीन, मीठ, गहू, दूध, समदं बंद. राहिलं काय, हवा?

जवसचटणी
कापूसकोंड्याभाऊ, कोबीला गावबंदी नको. कोबी, फुलकोबी, मुळा यांतले घटक आयोडीन ओढायला अडथळा करतात हे खरं, पण ते कच्चं, रोज, भरपूर खाल्लं आणि आयोडीनही कमी पडत असेल तरच. शिजवल्यावर परिणाम बराच उतरतो. आठवड्यात दोनदा भाजी खाऊन कोणाचा थायरॉईड बिघडत नाही.

सोयाबीनचा प्रश्न वेगळा. ते ग्रंथीला मारत नाही, गोळी आतड्यात शोषू देत नाही. पहाटे गोळी घेतली आणि दुपारी सोयावडीची भाजी खाल्ली, काही हरकत नाही. जवसाची चटणीही तशीच, जेवणात खुशाल, गोळीच्या आसपास नको.

मीठ: आयोडीनयुक्त मीठ सोडू नका. देशात गलगंडाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ पासून आहे. त्याला आधार कांगडा खोऱ्यातला, तिथे आयोडीनच्या मिठाने गलगंड कमी होताना दिसला. नियम असा की घरात पोचेपर्यंत मिठात निदान १५ पीपीएम आयोडीन उरलं पाहिजे. चुलीजवळच्या उघड्या डब्यात ते उडतं. झाकण लावा, मीठ शिजवण्याच्या शेवटी घाला. आणि 'नैसर्गिक' म्हणून बारा महिने सैंधव खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यात आयोडीन नावापुरतंच. उपवासापुरतं ठीक.

उलट टोकही आहे. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल, 'थायरॉईड सपोर्ट' नावाच्या आयोडीनच्या गोळ्या हाशिमोटोत घातक. आयोडीनचा लोंढा आला की आजारी ग्रंथी कामच बंद करते.

ग्लूटेन फक्त सिलिएक असेल तर सोडायचं. सिलिएक आणि हाशिमोटो एकत्र आढळतात, म्हणून जुलाब, पोटफुगी, न भरून येणारं रक्त आणि वाढतच चाललेला डोस असं दिसलं तर ती तपासणी करा, आणि तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर ती खोटी निगेटिव्ह येते. आपल्याकडे ज्वारीची भाकर आहेच, वेगळं पीठ विकत आणायची गरज नाही.

जुना_स्टेथो
आता मुद्द्यावर विरोध नोंदवतो. वैनगंगाताईंचा हेतू चांगला आहे, पण जितक्या टीएसएच कराल तितक्या ५ ते ९ च्या सापडतील, आणि सापडल्या की गोळी लागेल. वय वाढतं तशी टीएसएच आपोआप थोडी वर सरकते. सत्तरीपुढे ६-७ हा बऱ्याचदा आजारच नसतो. युरोपातल्या ट्रस्ट चाचणीत, २०१७ साली प्रसिद्ध झाली, ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांना अशा सौम्य वाढीसाठी थायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) आणि खोटी गोळी देऊन बघितली. वर्षाने थकव्यात आणि लक्षणांत काहीही फरक नाही.

फुकटचं नुकसान मात्र आहे. डोस जरा जास्त झाला की टीएसएच दबते. फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात, १९९४ साली, साठीपुढच्या ज्यांची टीएसएच अगदी दबलेली होती त्यांच्यात दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा) धोका तिप्पट निघाला. त्यातून गुठळी, त्यातून लकवा. हाडं ठिसूळ होतात ते वेगळंच. म्हणजे हृदय वाचवायला गोळी द्यायची आणि हृदयच बिघडवायचं.

आणि वजन! थायरॉईडमुळे २० किलो वाढलं असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका. हार्मोन अगदी कमी झालं तरी वाढ साधारण २ ते ५ किलोची, त्यातही बरंचसं पाणी आणि मीठ. उरलेले किलो दुसऱ्या खात्यातले.

पळसफूल
स्टेथोसाहेब, सत्तरीपुढचं मान्य. पण तेच माप ३५ वर्षांच्या बाईला लावू नका. टीएसएच १० च्या वर गेली की चित्र बदलतं. २०१० साली अनेक अभ्यासांतली माणसं एकत्र मोजली तेव्हा १० च्या पुढे हृदयविकाराच्या घटना जवळपास १.९ पट निघाल्या. ५ ते ७ मध्ये तसं काही नव्हतं. म्हणून १० च्या वर उपचार, ५ ते १० मध्ये तारतम्य: वय, गरोदरपणाचा विचार, कोलेस्टेरॉल, अँटिबॉडी.

अँटिबॉडीबद्दल गैरसमज खूप आहे. नुसती टीपीओ पॉझिटिव्ह आणि टीएसएच नॉर्मल, यात गोळी नाही. हृदयाची जोखीम टीएसएचच्या आकड्याबरोबर वाढते, अँटिबॉडी असण्या-नसण्याने त्यात फरक दिसलेला नाही. अँटिबॉडी सांगते ती पुढची वाट. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावच्या २० वर्षांच्या पाहणीत, टीएसएच वाढलेली आणि अँटिबॉडीही असलेल्या बायकांत दरवर्षी १०० तल्या ४.३ जणींची ग्रंथी पूर्ण बसली. नुसत्या अँटिबॉडीवाल्यांत २.१. म्हणून त्यांना वर्षातून एक टीएसएच, बस.

आणि तुमच्याच भाषेत सांगायचं तर कोलेस्टेरॉलची गोळी फुकट देण्यातही नुकसान आहेच. थायरॉईड कमी असताना स्टॅटिन दिलं तर स्नायू दुखणं, सीपीके (स्नायूंना इजा झाल्याची रक्तातली खूण) वाढणं, क्वचित स्नायू विरघळणं यांची शक्यता वाढते. 'गोळीने पाय ओढतात' म्हणत लोक गोळी सोडतात आणि तपासायची राहते टीएसएच. आधी थायरॉईड जागेवर आणा, दोन-तीन महिन्यांनी लिपिड परत करा. अनेकांचं एलडीएल स्वतःहून उतरतं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल तर थांबायचं नाही, तिथे स्टॅटिन लगेचच, फक्त पाय दुखण्यावर लक्ष ठेवून.

सावजी_रस्सा
मग कोलेस्टेरॉल उतरवायला सगळ्यांनाच थायरॉक्सिन द्या ना. एक गोळी, दोन कामं.

पळसफूल
करून झालंय, आणि अंगाशी आलंय. अमेरिकेत कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये झटका येऊन गेलेल्यांना डेक्स्ट्रोथायरॉक्सिन (थायरॉक्सिनचंच दुसरं रूप) दिलं होतं. कोलेस्टेरॉल उतरलं, मृत्यू वाढले, तो गट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद करावा लागला. कारण यकृतात हार्मोनचं काम मुख्यतः बीटा रिसेप्टरवर चालतं आणि हृदयात अल्फावर. दोन्ही दारं एकाच किल्लीने उघडली की हृदय पळत सुटतं. फक्त बीटावर चालणारं रेस्मेटिरोम नावाचं औषध २०२४ साली अमेरिकेत चरबीयुक्त यकृताच्या आजारासाठी मंजूर झालंय. ते थायरॉईडची गोळी नाही, मागू नका.

औषधी_खिडकी
वरच्या चर्चेत डोस आणि घेण्याची पद्धत राहिली. नव्वद टक्के गोंधळ तिथेच आहे. (नव्वद हा माझा अंदाज, अभ्यास नाही, स्टेथोसाहेब धावून येऊ नका.)

डोस वजनावर. ग्रंथी पूर्ण बसली असेल तर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलोला ९६, म्हणजे १०० ची गोळी. पण आपल्याकडच्या शेतमजूर बाईचं वजन ४५ असतं. तिला ७२, म्हणजे ७५. सवयीने १०० लिहिली की तिची टीएसएच दबणार. ग्रंथी अर्धवट चालू असेल तर २५-५० पुरते. साठीपुढे किंवा हृदयविकार असेल तर १२.५ किंवा २५ पासून, दर सहा-आठ आठवड्यांनी एक पायरी. घाई केली तर छातीत दुखणं सुरू होतं, कारण हृदयाची प्राणवायूची मागणी वाढते आणि अरुंद नळ्या ती पुरवू शकत नाहीत.

सहा आठवडे का? या औषधाचा अर्धा भाग शरीरातून जायला सात दिवस लागतात. पातळी स्थिर व्हायलाच पाच आठवडे. पंधरा दिवसांत टीएसएच करून डोस बदलणं म्हणजे भाकर टाकल्या टाकल्या उलटणं.

घ्यायची कशी: उठल्याबरोबर, साध्या पाण्यासोबत, चहाच्या निदान अर्धा तास आधी. दुधाच्या चहासोबत घेतली तर बरीच वाया जाते. बाटली आणि पाण्याचा तांब्या रात्रीच उशाशी ठेवायचा. उठलं की गोळी, मग अंगण झाडणं, सडा टाकणं. तेवढ्यात अर्धा तास होतोच, घड्याळ बघायची गरज नाही. पहाटे जमत नसेल तर रात्री, जेवणानंतर तीन तासांनी. सातला जेवून दहाला झोपणाऱ्याला जमतं. कॅल्शियम, लोहाची गोळी, आम्लपित्ताचं पातळ औषध यांच्यात चार तासांचं अंतर. रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांना डोस थोडा जास्त लागू शकतो.

हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला एक दिवस चुकली तर काही होत नाही. दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालतं, मात्र हृदयाचा रुग्ण असेल तर दोन नको.

साठवण. उष्णता, उजेड, ओल, तिन्ही शत्रू. डब्यावर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि टिनाच्या घरात मे महिन्यात दुपारी खुंटीवरच्या पिशवीत ४५. एप्रिल ते जून मोठा साठा घेऊ नका. मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट, आतल्या खोलीत खालच्या फळीवर. बाटली स्टीलच्या डब्यात घालून माठाच्या बाजूला ठेवली तरी चालेल, ओल बाटलीला लागू नये इतकंच. खिडकी, चुलीमागचा कोनाडा, मोटरसायकलची डिक्की, नाही म्हणजे नाही. जुलैत टीएसएच अचानक वाढलेली आली तर डोस वाढवण्याआधी उन्हाळ्यात बाटली कुठे होती ते विचारा.

कंपनी दर महिन्याला बदलू नका. जनऔषधीची घेत असाल तर तीच घेत राहा. बदललीच तर सहा आठवड्यांनी टीएसएच.

मेळघाट_सिस्टर
गरोदर बायांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही देतो, त्यामुळे चार तासांचं गणित आशाताईंना अवघड जातं. हे पाठ करून घ्या: पहाटे ५ ला थायरॉक्सिन. दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियम ५०० ची एक. संध्याकाळी ७ च्या जेवणासोबत दुसरी. झोपताना ९-१० ला लोहाची. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास सुटतात, आणि थायरॉक्सिन सगळ्यांपासून लांब राहतं.

आधीपासून गोळी चालू असलेली बाई गरोदर राहिली की तारखेची वाट बघायची नाही. पट्टीवर दोन रेघा आल्या त्याच दिवसापासून आठवड्याला ७ ऐवजी ९ गोळ्या, मंगळवारी आणि शनिवारी दोन-दोन, असं वार ठरवून. मग गरोदरपणाचे अर्धे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, ३० व्या आठवड्याच्या सुमारास एक. बाळंतपणानंतर जुन्या डोसवर, सहा आठवड्यांनी तपासणी.

बाळंतिणीबद्दल एक. बाळंतपणानंतर १ ते ६ महिन्यांत धडधड, घाबरल्यासारखं, वजन झपाट्याने कमी. टीएसएच दबलेली. हा दरवेळी ग्रेव्हज नसतो. ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं हार्मोन गळत असतं. त्यात कार्बिमाझोल (हार्मोन बनणं रोखणारं औषध) देऊन उपयोग नाही, कारण नवीन हार्मोन बनतच नसतं. धडधडीपुरती गोळी, आणि दीड-दोन महिन्यांनी परत तपासणी, कारण पुढे अनेकदा उलटा टप्पा येतो. डोळे पुढे आले असतील किंवा ट्रॅब (ग्रेव्हजची अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असेल तर मात्र ग्रेव्हज.

वैनगंगा
सिस्टर, वार ठरवण्याची युक्ती उचलली. साखरेकडे वळते. मधुमेही आणि थायरॉईड दोन्ही असलेल्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि बोटाची साखर जुळत नाही, असं बऱ्याच चिठ्ठ्यांवर दिसतं. कारण काय?

तालुका_लॅब
कारणं तीन आणि आपल्याकडे तिन्ही एकत्र सापडतात. एचबीए१सी लाल पेशीच्या आयुष्यावर अवलंबून. लोहाची कमतरता असेल तर खोटं जास्त येतं. थायरॉईड कमी असताना पेशी हळू बदलतात, तेव्हाही खोटं जास्त. आणि सिकलसेल! गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, या पट्ट्यात हे विसरून चालत नाही. एसएस, म्हणजे पूर्ण आजार असलेल्या रुग्णाच्या पेशी लवकर फुटतात, त्यामुळे एचबीए१सी खोटं कमी येतं, साखर ३०० असली तरी. एएस वाहकात मशीनच्या पद्धतीवर अवलंबून. सिकलसेलचं कार्ड बघा, एसएस असेल तर एचबीए१सीवर औषध ठरवू नका. फ्रुक्टोसामीन (साखर चिकटलेल्या प्रथिनांची तपासणी) सुचवाल, पण थायरॉईड बिघडलेला असेल तर तेही फसवतं, कारण ते प्रथिनांच्या उलाढालीवर चालतं. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, वहीत लिहून, हाच मार्ग.

जुना_स्टेथो
साखरेचं आणखी एक. टाइप-१ च्या प्रत्येक मुलामुलीची टीएसएच निदानानंतर साखर आटोक्यात आली की एकदा, मग वर्ष-दोन वर्षांनी. दोन्ही एकाच घराण्यातले आजार. तेवढंच इन्सुलिन चालू असताना साखर वारंवार ५०-६० ला उतरायला लागली तर आधी थायरॉईड बघा, आणि त्याचबरोबर अॅड्रिनल (मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसोल बनवणाऱ्या ग्रंथी).

हे अॅड्रिनल प्रकरण ठळक करून ठेवा. वजन घटलेलं, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळपट, बीपी ९०/६०, उभं राहिलं की चक्कर, मीठ खावंसं वाटतं. अशा माणसाची टीएसएच वाढलेली आली म्हणून थायरॉक्सिन सुरू केलं तर तो कोसळू शकतो. थायरॉक्सिन शरीरातलं कॉर्टिसोल लवकर संपवतं आणि तिथे ते आधीच संपत आलेलं असतं. आपल्या भागात टीबीनेही अॅड्रिनल जातात. आधी कॉर्टिसोल, गरज असेल तर स्टेरॉईड, मग थायरॉक्सिन. असा रुग्ण उपकेंद्रात ठेवायचा नाही, नागपूरच्या 'मेडिकल' कॉलेजला नाहीतर सेवाग्रामच्या रुग्णालयात.

कापूसकोंड्या
ग्रेव्हजवाल्याच्या हृदयाचं राहिलं न?

जुना_स्टेथो
राहिलं. नाडी अनियमित लागली की मनगटाची आणि स्टेथोस्कोपची, दोघांनी एकाच वेळी पूर्ण मिनीट मोजायची. छातीवर १३०, मनगटावर १०२, असा फरक आला तर एट्रियल फिब्रिलेशन धरा. डिजिटल बीपी मशीन तिथे दरवेळी वेगळा आकडा देतं, तीनदा मोजा. नवीन फिब्रिलेशन सापडलेल्या प्रत्येकाची टीएसएच झालीच पाहिजे, वय काहीही असो.

प्रोप्रॅनोलॉलने ठोके आवरतात, दम्याच्या माणसाला ते नाही. कार्बिमाझोल सुरू करताना एक वाक्य चिठ्ठीवर लाल शाईने: ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी बंद, त्याच दिवशी सीबीसी. पांढऱ्या पेशी अचानक संपण्याचा धोका मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत. उपचार सुरू झाल्यावर टीएसएच कित्येक महिने दबलेलीच राहते, तिच्यावर डोस वाढवत नेऊ नका, टी-३ आणि टी-४ बघा. रक्त पातळ करायचं वॉरफेरिन चालू असेल तर हार्मोन उतरत जाईल तसा त्याचा डोस बदलतो, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी) दर आठवड्याला. थायरॉईड जागेवर आल्यावर अनेकांचे ठोके आपोआप लयीत येतात, म्हणून विजेच्या झटक्याची घाई नको. बिडी सोडायला लावा, डोळ्यांचा आजार बिडी-सिगारेटने चिघळतो.

आणि नागपूरहून अॅमिओडॅरोन (हृदयाची लय राखणारं औषध) घेऊन आलेला रुग्ण. २०० च्या एका गोळीत जवळपास ७५ मिलिग्रॅम आयोडीन. रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम! कोणत्याही दिशेला थायरॉईड बिघडू शकतो. सुरू करण्याआधी एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी टीएसएच.

वैनगंगा
पहिल्या प्रश्नावर येऊ या का? आतापर्यंतच्या चर्चेवरून माझ्या २० नळ्या: गरोदर आणि ज्यांचे गर्भ पडलेत अशा ६, स्टॅटिन सुरू करायचं ठरलेल्या ५, टाइप-१ ची २, अनियमित नाडीची २, खालचंच बीपी चढलेल्या पन्नाशीच्या आतल्या ३, अंगावर कोड किंवा आई-बहिणीला थायरॉईड असून लक्षणंही असलेल्या २.

जुना_स्टेथो
यादी चांगली, पण त्यात सगळी नवीनच माणसं आहेत. माझ्या मते पहिल्या आठ नळ्या गोळी आधीपासून चालू असलेल्यांच्या. तीन वर्षं तीच १०० ची गोळी, एकदाही तपासणी नाही. हृदयाला धोका त्यांच्यात दोन्ही बाजूंनी आहे, कमी पडली तरी आणि जास्त झाली तरी. आणि डोस बदलला की फायदा लगेच, नवीन निदान करावं लागत नाही.

पळसफूल
आठ जास्त होतात, पण मुद्दा पटला. पाच द्या. गरोदर बायांना हात लावू नका. कोडाच्या दोन आणि बीपीच्या तीन पुढच्या खेपेला.

औषधी_खिडकी
त्या पाचांनाही थेट नळी नको. आधी बाटली घेऊन यायला सांगा. खरेदीची तारीख बघा, गोळ्या ताटलीत ओतून मोजा. साठ दिवसांपूर्वी फोडलेल्या १२० च्या बाटलीत ९० उरल्या असतील तर टीएसएच वाढलेलीच येणार, ती कळायला रक्त लागत नाही. तिला दोन महिने नीट घ्यायला लावा, मग नळी.

सावजी_रस्सा
आणि ६० च्या जागी ४० उरल्या तर?

औषधी_खिडकी
तर घरात अजून कोणीतरी वजन कमी करायला खात आहे. तिला पण बोलवा, नाडी बघायला.

वैनगंगा
'बाटली घेऊन या' हा निरोप आशाताईंकडून उद्याच पाठवते. रक्त सोमवारी घेऊ. लॅबवाले भाऊ, नळ्या लाल झाकणाच्या की पिवळ्या?

तालुका_लॅब
दोन्ही चालतील, जांभळ्या नको. घेतल्यावर अर्धा तास उभी ठेवून रक्त गोठू द्या, मग फिरवा. सीरम वेगळं करूनच बर्फाच्या डब्यात पाठवा. दुपारच्या एसटीने तशीच आली तर रक्त फुटलेलं असते.